दुय्यम विषय

महाविद्यालयात मुख्य विषयाच्या जोडीला भूगोल घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न एखाद्या वाङ्मयीन मासिकाच्या पानावर चर्चिण्याइतका मोठा आहे काय, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. हा प्रश्न प्रथम आमच्यापुढे आला तेव्हा आम्हांसही तो प्रवेशअर्जातील एका रकान्यापुरताच वाटला होता. परंतु गेले तीन आठवडे तो आमच्या मनातून जात नाही, आणि त्याचा विचार करू लागावे तो आमचीच झाडाझडती होऊ लागते, असा अनुभव आल्यामुळे तो वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहो.

निमित्त घडले ते असे. आमच्या वडील बंधूंची कन्या बारावी उत्तीर्ण होऊन वाईहून दिल्लीस शिकावयास आली व आमच्याच सरकारी क्वार्टरमध्ये राहू लागली. तिने अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेतला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून दिल्ली विद्यापीठात २०२२ पासून चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आहे. त्यात मुख्य विषयाखेरीज दुसऱ्या एखाद्या विद्याशाखेचे पाठ सातत्याने घेतले, तर तो दुय्यम विषय म्हणून पदवीवर नोंदला जातो. मुलांच्या भाषेत हे 'मेजर' आणि 'मायनर'. तर एके संध्याकाळी ही मुलगी आम्ही कचेरीतून येऊन चहा घेत असता समोर बसली आणि म्हणाली, "काका, मायनरला भूगोल घेऊ का? बाबा नको म्हणतात. तुम्ही सांगाल ते करीन."

'तुम्ही सांगाल ते करीन' या वाक्यातील जबाबदारी लिपिकाच्या पेशास सवयीची नाही. आम्ही टिपणी लिहितो व निर्णय वरचे घेतात. येथे वरचे कोणी नव्हते.

बंधूंचे म्हणणे आम्ही फोनवर सविस्तर ऐकून घेतले. ते व्यवहारी गृहस्थ आहेत. त्यांचा मुद्दा असा की, दुय्यम विषय हा मुख्य विषयाच्या उपयोगी पडावा. अर्थशास्त्राला गणित, संख्याशास्त्र किंवा संगणक यांची जोड दिली तर नोकरीच्या बाजारात मुलीचे वजन वाढेल. डोंगर कोठे आणि नद्या कोठे हे आता मोबाईल सांगतो, त्यासाठी चार वर्षे कशाला? याच्या नेमके उलट आमच्या शाखेतील एका सहकाऱ्याचे मत. ते म्हणाले, "भूगोल अवश्य घेऊ द्या. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाला पाचशे गुण आहेत आणि सामान्य अध्ययनातही भूगोल आहेच. एका अभ्यासात दोन कामे." एकाने नाही म्हटले आणि दुसऱ्याने हो म्हटले, तरी दोघांचा तराजू एकच, ही गोष्ट आमच्या ध्यानी आली. दोघांनीही विचारले ते इतकेच, की हा विषय मुलीस काय देईल. त्या विषयाच्या द्वारे मुलगी कोणाचे काही देणे लागते काय, हे कोणी विचारले नाही.

बंधूंच्या शंकेस मोठ्यांचा आधार नाही असे मात्र नव्हे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १९४८ साली आपला भूगोलाचा अभ्यासविभाग मोडीत काढला. या शास्त्राची स्वतःची म्हणून सीमा कोणती, हे तेथील धुरीणांस पटेना. खडक भूगर्भशास्त्राचे, हवा हवामानशास्त्राची, बाजार अर्थशास्त्राचा, माणसे समाजशास्त्राची. मग भूगोलाचे उरले काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला आम्हांस सुचणारे उत्तर एवढेच की, या सर्व गोष्टी जेथे एकत्र नांदतात ती 'जागा' उरते, आणि माणूस राहतो तो शास्त्रात नव्हे, जागेतच राहतो.

आमच्याच गावाचे उदाहरण घेतो. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीमार्गे महाबळेश्वरास जाण्यास तास-दीड तास पुरतो. एवढ्या अंतरात पर्जन्यमान कोठल्या कोठे जाते. महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि वाईच्या वाट्यास त्याचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा येतो, कारण ढग सह्याद्रीच्या माथ्यावरच आपले ओझे रिते करतात. तरीही वाईच्या घाटांना पाणी लागते, ते कृष्णेचे. आणि कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. म्हणजे ज्या पाण्यावर आमच्या गावची शेते आणि देवळे उभी आहेत, तो पाऊस आमच्या गावात पडलेलाच नव्हे! आणि तीच नदी आम्हांपाशी न थांबता सुमारे चौदाशे किलोमीटर चालून आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरास मिळते. आपण दुसऱ्याच्या पावसावर जगतो आणि आपल्या घाटावरचे पाणी पुढे दुसऱ्याला लागते, ही गोष्ट आम्ही शाळेत 'पर्जन्यछायेचा प्रदेश' या मथळ्याखाली दोन गुणांसाठी पाठ केली आणि दहावीनंतर विसरून गेलो. पदवीस आम्ही राज्यशास्त्र घेतले. त्यात राज्य होते. त्याच्या खालची भूमी नव्हती.

या विसरण्याची किंमत आम्हांस पुढे कळली. ती आम्ही मोजली नाही, इतरांनी मोजली. ती हकीकत येथे सांगतो. कचेरीचे नाव अप्रस्तुत आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या शाखेत होतो, तेथे एका भरती परीक्षेच्या केंद्रांची यादी तयार होत होती. ईशान्येकडील दोन केंद्रांवर उमेदवार थोडे होते. दोन्ही मिळून एकच केंद्र ठेवावे, असा काटकसरीचा प्रस्ताव आला. आम्ही संगणकावर नकाशा उघडला, दोन ठिकाणांमधील अंतर पाहिले, ते वीस किलोमीटरांच्या आत भरले. आणि टिपणी लिहिली की, दोन्ही ठिकाणे परस्परांच्या निकट असल्याने एकत्रीकरणास हरकत नसावी. टिपणी वर गेली, मंजूर होऊन आली. परीक्षा ऐन पावसाळ्यात होती.

महिन्याभराने एका उमेदवाराचे पत्र आले. इंग्रजी मोडकेतोडके होते. मजकूर स्पष्ट होता. दोन्ही गावांच्या मध्ये मोठी नदी आहे. पूल फार वरच्या बाजूस आहे. एरवी होडीने पलीकडे जाता येते. परंतु पुरामुळे होडी दोन दिवस बंद होती आणि पुलाचा रस्ताही पाण्याखाली होता. त्याच्यासह गावातील काही मुले परीक्षेस पोहोचू शकली नाहीत. त्याची वयोमर्यादा त्याच वर्षी संपत होती. शेवटी त्याने विचारले होते: केंद्र बदलताना मध्ये नदी आहे हे आपणांस ठाऊक होते काय?

आम्ही पुन्हा नकाशा उघडला. नदी तेथे होती. आम्ही पहिल्या वेळीही ती पाहिली होती. पण पाहिली ती निळा पट्टा म्हणून. पावसाळ्यात त्या पट्ट्याचे काय होते, त्याचे काठ कोठवर सरकतात, होडी म्हणजे तेथे चैन नसून रस्ता आहे, यांपैकी काहीही विचारण्याची आम्हांस बुद्धी झाली नाही. पत्राचे उत्तर तयार करण्याचे काम ओघानेच आमच्याकडे आले. 'नियमांनुसार पुनर्परीक्षा घेणे शक्य नाही' असा मसुदा आम्ही मान्यतेसाठी सादर केला. त्याने विचारलेल्या प्रश्नास उत्तर देण्याजोगी जागा त्या नमुन्यात नव्हती. उत्तर होते, 'होय, ठाऊक होते, आणि नव्हतेही.'

कायद्याच्या दृष्टीने आमचा दोष शून्य. अंतर बरोबर होते, प्रस्ताव दुसऱ्याचा होता, मंजुरी तिसऱ्याची होती. परंतु नीतीचा प्रश्न येथेच सुरू होतो. अज्ञान हा दोष आहे काय? ज्याचा ज्या गोष्टीशी संबंध नाही, त्याचे त्या गोष्टीविषयीचे अज्ञान निरुपद्रवी म्हणता येईल. पण ज्याच्या एका ओळीने दूरच्या कोणाची वाट बदलते, त्याचे अज्ञान तसे राहत नाही. ते टाळता येण्याजोगे असेल, तर तो एक प्रकारचा हलगर्जीपणाच होय. आणि आमचे ते अज्ञान टाळता येण्याजोगे होते.

आमची पुतणी अर्थशास्त्र शिकणार आहे म्हणून हाच विचार तिच्या विषयास लावून पाहू. दिल्लीत कांदा महागला की वर्तमानपत्रे गजबजतात. भाव हा मागणी व पुरवठा यांवर ठरतो, हे अर्थशास्त्र तिला सांगेल, आणि ते खरेच आहे. परंतु नाशिक जिल्ह्यात लासलगावच्या बाजारात येणारा उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो आणि पावसाळ्यानंतरचा लाल कांदा फार टिकत नाही. म्हणून जुना साठा सरत आलेला असताना नव्या पिकावर अवेळी पाऊस पडला, तर दिल्लीतील ताटावर त्याचा परिणाम होतो. हे समजण्यास भावाच्या आलेखाखाली काळी जमीन आणि वर आभाळ दिसावे लागते. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली व ती मे २०२४ मध्ये उठली. तो निर्णय योग्य होता की अयोग्य, हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही व सेवेचे नियमही आड येतात. आमचे म्हणणे एवढेच की, अशा निर्णयाच्या कागदावर ज्यांचा हात फिरतो, त्या प्रत्येकास, अगदी आमच्यासारख्या लिपिकासही, ती चाळ आणि तो पाऊस ठाऊक असावा. मुख्य विषय प्रश्न विचारावयास शिकवतो. दुय्यम विषयाने तो प्रश्न जमिनीवर उभा करावा.

आता कोणी म्हणेल की, भूगोल शिकलेली माणसे न्यायानेच वागतात असा काही दाखला आहे काय? नाही, आणि हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १९४७ साली सिरिल रॅडक्लिफ यांनी पंजाब व बंगाल यांची फाळणीरेषा आखली. ते यापूर्वी हिंदुस्थानात कधी आलेले नव्हते. ८ जुलैस आले आणि पाचएक आठवड्यांत काम उरकले. हे अज्ञानाचे उदाहरण सर्वांच्या तोंडी आहे. परंतु त्याच वेळी लाहोरात ऑस्कर स्पेट नावाचे एक विद्वान भूगोलज्ञही होते. या उपखंडाच्या भूगोलावर पुढे १९५४ मध्ये त्यांनी प्रमाणभूत ग्रंथ लिहिला. ते सीमा आयोगापुढे अहमदिया पंथीयांचे सल्लागार होते. म्हणजे ज्ञान तेथे हजर होते. पण ते एका पक्षाच्या बाजूस बसले होते. फ्रान्सच्या ईव्ह लाकोस्त यांनी तर १९७६ मध्ये एका पुस्तकाच्या नावातच सांगून टाकले की, भूगोलाचा पहिला उपयोग युद्धासाठी होतो. सैन्ये, साम्राज्ये आणि खाणमालक यांना नकाशांची गोडी नेहमीच अधिक होती. तात्पर्य, भूगोल माणसास सज्जन करीत नाही. तो फक्त 'मला ठाऊक नव्हते' ही सबब हिरावून घेतो. आमच्या मते हेही थोडे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. प्रत्यक्ष न जाता, टेबलाशी बसून जागा कळते काय? येथे आम्हांस तत्त्वज्ञ कांट याची आठवण होते. त्याने कोनिग्सबर्ग या आपल्या गावी १७५६ पासून १७९६ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, प्राकृतिक भूगोलावर व्याख्याने दिली. आपल्या प्रांताबाहेर तो कधी गेला नाही. प्रवासवर्णने मात्र अधाशासारखी वाचली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाचे त्याने असे बारकाईने वर्णन केले की, ऐकणाऱ्या इंग्रजास हा लंडनमध्ये राहून गेला असावा असे वाटले, अशी कथा त्याच्या चरित्रकाराने नोंदली आहे. पण याच व्याख्यानांत दूरच्या खंडांतील माणसांविषयी त्याने जी विधाने केली, ती आज वाचताना मान खाली जाते. पूल बरोबर सांगितला आणि माणसे चुकली! कारण पुलाची मापे ऐकीव माहितीत बिघडत नाहीत. माणसांविषयीचे ऐकीव मत मात्र सांगणाऱ्याच्या दर्पासकट येते.

याउलट आपल्याकडील सर्वेक्षणाचा इतिहास पाहावा. विल्यम लँबटन यांनी १८०२ मध्ये मद्रासेजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला आणि ते काम करीतच उत्तरेकडे सरकत १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटी देह ठेवला. हा चालणाऱ्याचा भूगोल. त्याच सर्वेक्षणात राधानाथ सिकदार हे बंगाली गणिती गणकाच्या हुद्द्यावर होते. हुद्दा टेबलावरचाच, आमच्या वाचकांस त्याविषयी जवळीक वाटावी असा. शंभराहून अधिक मैलांवरून घेतलेल्या निरीक्षणांच्या आकड्यांवरून, हवेत प्रकाश वाकल्याने येणारी चूक वजा करीत, शिखर क्रमांक १५ हे सर्वांत उंच आहे असा निष्कर्ष १८५२ मध्ये त्यांच्या गणिताने निघाला. १८५६ मध्ये उंची जाहीर झाली ती २९,००२ फूट. २०२० साली नेपाळ व चीन यांनी नव्या साधनांनी मोजून जाहीर केलेल्या ८,८४८.८६ मीटरांशी ताडून पाहिले, तर फरक अवघा नऊएक मीटरांचा. शिखरास नाव मिळाले ते एव्हरेस्ट साहेबांचे. पण ते असो. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, टेबलाशी बसणे हा दोष नाही. समोर आलेल्या आकड्यामागे धुके आहे, उष्मा आहे, दमलेला निरीक्षक आहे, याची जाणीव सिकदारांनी ठेवली. आम्ही वीस किलोमीटरांच्या आकड्यामागे पूर पाहिला नाही. फरक टेबलाचा नव्हता.

आणि आता, वाचकहो, थोडे आपणा सर्वांविषयी. आपण बदलीची माणसे. दिल्ली, भोपाळ, गुवाहाटी, चेन्नई. जेथे पाठवले तेथे आपण राहतो, पण बहुधा प्रतीक्षालयात राहावे तसे. वरसईचे विष्णुभटजी गोडसे दक्षिणेच्या आशेने पायी उत्तरेत आले, तेव्हा त्यांना वाटेतील नद्या ओलांडाव्या लागल्या, म्हणून त्या ठाऊक झाल्या. आपणांस स्टेशने ठाऊक असतात. आम्ही दिल्लीत बारा वर्षे आहो. येथील पाणी जड, उन्हाळा जाळणारा, थंडी बोचरी, ही तक्रार आम्ही मराठी मंडळाच्या प्रत्येक बैठकीत केली आहे. पण जानेवारीत येथे पाऊस का पडतो, हे पुतणीने विचारीपर्यंत आम्हांस कधी पडलेले कोडे नव्हते. तो भूमध्य समुद्राकडून निघालेल्या पश्चिमी विक्षोभांचा पाऊस, आणि पंजाब-हरियाणातील गहू त्याची वाट पाहत असतो. आम्ही त्यास 'मावठा' म्हणून नाके मुरडली आणि त्याच गव्हाची पोळी खाल्ली. ज्या रिजवरून आमची बस रोज जाते, तो अरवलीचा शेवटचा टोकाकडील भाग आहे, हेही आम्हांस आताच कळले. ज्या गावाचे अन्नपाणी घ्यावे, त्याची साधी ओळखही करून घेऊ नये, याला कृतघ्नता म्हणावे की नुसता आळस? दोन्हींत फार अंतर नसावे.

इतका विचार झाल्यावर पुतणीस उत्तर देणे सोपे व्हावयास हवे होते. ते अधिकच अवघड झाले. कारण आमच्या ध्यानी आले की, आम्ही तिला भूगोल घेण्यास सांगू पाहत होतो तो तिच्यासाठी नव्हे. त्या नदीकाठच्या उमेदवाराच्या पत्राचे उत्तर आम्हांस तिच्या हातून पाठवावयाचे होते. आपले देणे दुसऱ्याच्या चार वर्षांतून फेडणे, हा बंधूंच्या हिशेबापेक्षा वरचढ स्वार्थ झाला. तो तिला सांगून टाकावा असे ठरवले, आणि ती हकीकत प्रथमच घरात कोणास सांगितली.

तिने शांतपणे ऐकून घेतले. मग आम्ही म्हणालो, "भूगोल नोकरीसाठी घेणार असशील तर बाबांचे ऐक, ते आकडे आमच्यापेक्षा नीट मांडतात. परीक्षेसाठी घेणार असशील तर थांब. परीक्षा झाली की तो विसरशील, आम्ही विसरलो तसा. पण ज्यांना तू कधी पाहणार नाहीस अशा लोकांविषयी उद्या तुला काही लिहावे लागणार असेल, आणि अर्थशास्त्राच्या माणसास ते लिहावे लागतेच, तर त्यांच्या मध्ये कोणती नदी आहे हे विचारण्याची सवय तुला कोणत्या विषयाने लागेल, ते पाहा. तो विषय घे. तो भूगोलच असेल असे नाही."

तिने विचारले, "त्या मुलाचे पुढे काय झाले?"

आम्हांस ठाऊक नव्हते. फाईल बंद झाल्यावर आम्ही कधी चौकशी केली नव्हती.

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने अर्ज भरला, आणि भूगोलच घेतला. बंधू अद्याप नाराज आहेत आणि त्यांचे म्हणणे चूक ठरले असे आम्ही म्हणू शकत नाही. ते चार वर्षांनी, कदाचित त्याहून उशिरा कळेल. दरम्यान तिची पाठ्यपुस्तके घरात येऊ लागली आहेत, आणि रात्री ती झोपल्यावर आम्ही ती चाळतो. कचेरीत आता केंद्रांच्या किंवा गावांच्या याद्या आल्या की, 'निकट' हा शब्द लिहिण्यापूर्वी आम्ही त्या जिल्ह्यातील कचेरीस फोन करून मधल्या वाटेची चौकशी करतो. पलीकडचा माणूस बहुधा चकित होतो. क्वचित वैतागतोही. तेवढा वेळ टिपणीस उशीर होतो. तो होऊ द्यावा, असे आम्ही ठरवले आहे.